तीन वर्षांच्या गॅपचं उत्तर

आयबीपीएसमार्फत होणाऱ्या बँक पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरतीच्या अंतिम यादीत मेन्सचं, म्हणजे मुख्य परीक्षेचं, वजन 80 टक्के आणि मुलाखतीचं 20. पण माझी झोप उडवली होती त्या 20 टक्क्यांनीच. मेकॅनिकलची पदवी आणि त्यापुढे तीन वर्षं कोरी. ती तीन वर्षं मी पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करत होते आणि प्रिलिमच्या पुढे सरकले नव्हते.

म्हणून उत्तर बेतलं होतं, ‘आई आजारी होती.’ (आईला त्या काळात साधी सर्दीही झालेली नव्हती.) बार्शीला आमच्या गल्लीत एक निवृत्त शाखाधिकारी काका राहतात. सरावाला त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “कुठल्या दवाखान्यात होती? खर्च किती आला? कोणी भरला?” तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प. काका म्हणाले, “बाळा, आम्ही आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचलेत. खोटं आम्हाला वासावर कळतं.”

पुण्याला मुलाखतीत पाच जण समोर होते. गॅपचा प्रश्न पहिलाच आला. मी सांगून टाकलं, “एमपीएससी केली सर. तीनदा प्रिलिम दिली, तिन्ही वेळा राहिले.” लगेच पुढचा वार: “म्हणजे बँक ही तुमची दुसरी पसंती?” हा मात्र काकांकडे झाला नव्हता. घशाला कोरड पडली. पाण्याचा घोट घेतला, त्यात दोन सेकंद मिळाले. म्हटलं, “तेव्हा होती, सर. आज मी दुसरा कुठलाच फॉर्म भरलेला नाही.” खरं होतं ते, म्हणून आवाज हलला नाही.

मग सीआरआर, म्हणजे ठेवींमागचं रोख राखीव प्रमाण, किती, असं विचारलं. मी ठोकून दिलं, “18 टक्के.” मॅडमच्या भुवया वर गेल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. “सॉरी मॅडम, 18 हा एसएलआर, म्हणजे बँकेने स्वतःकडे रोख, सोनं किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा वाटा. सीआरआरचा आत्ताचा आकडा आठवत नाहीये. पण ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावी लागते आणि तिच्यावर व्याज मिळत नाही.” त्यांनी मान हलवली, पुढे गेल्या. मला वाटलं होतं, संपलं सगळं.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी आला. वडील शेतकरी हे वाचून एका सरांनी विचारलं, “कर्जमाफी हवी की नको?” हो म्हटलं तर बँकेच्या विरोधात, नको म्हटलं तर बापाच्या. मी घरचंच सांगितलं. 2019 च्या डिसेंबरात थकबाकीदारांना दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर झाली तेव्हा बाबांचं सोसायटीचं पीककर्ज वेळेवर फेडलेलं होतं. ते आईला म्हणाले होते, “भरून चुकलो का गं मी?” नियमित फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळणार होतं, पण त्याची वाट बघण्यात बराच काळ गेला. “दुष्काळात बुडालेल्याला हात द्यायलाच हवा, सर. पण शाखेत बसून मला आधी बाबांसारख्यांना उत्तर द्यावं लागेल.” सर काही बोलले नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आले तेव्हा हातरुमाल पिळून निघाला असता.

निकाल 1 एप्रिलला लागला. बाबांना फोन केला तर म्हणाले, “आज तारीख काय आहे ते ठाऊक आहे मला,” आणि फोन ठेवला. शेवटी काकांना घरी पाठवावं लागलं.