८६० पानांची रात्र

झोपेच्या तपासणीला येताना डोक्याला तेल लावू नका, असं मी फोनवर प्रत्येकाला बजावते. तरी बरीच मंडळी तेल चोपडून येतात, कारण तेलानं झोप लागते असं घरच्यांनी सांगितलेलं असतं. कोल्हापुरातल्या बावड्याचे हे काका मात्र डोकं स्वच्छ धुऊन आले. वय एकसष्ट, शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर म्हणून आयुष्य गेलेलं, त्यात रात्रपाळ्या भरपूर. बरोबर काकी, पिशवीत चादर आणि थर्मास. खुर्चीत बसता बसताच काकांनी सांगून टाकलं, "मॅडम, तुमचं मशीन वाया जानार बगा. दोन वर्सं झाली, डोळ्याला डोळा न्हाई."

"व्हय, आनि मग रातभर घोरतंय कोन?" काकी.

घोरण्यामुळेच ते माझ्यापर्यंत पोचले होते. नुसती झोप येत नाही म्हणून कुणाला रात्रभर वायरी लावत नाहीत. निद्रानाशाचं निदान बोलून आणि झोपेची डायरी बघून होतं: आठवड्यातल्या किमान तीन रात्री, किमान तीन महिने, आणि दिवसाही त्याचा त्रास. पण काकींचं वर्णन ऐकून डॉक्टरांना झोपेत श्वास अडकत असल्याची शंका आली.

कपाळ, टाळू, कानामागे, डोळ्यांच्या कडेला, हनुवटी, नडगी, सगळीकडे वायरी. छाती-पोटाला पट्टे, नाकाला नळी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. काका निमूट बसले होते. पेस्ट लावताना फक्त म्हणाले, "साच्याच्या मातीगत हाय की हे."

दहा वीसला दिवा बंद केला आणि मी शेजारच्या खोलीत स्क्रीनसमोर बसले.

आमच्याकडे रात्र ३० सेकंदांच्या पानांत मोजतात. प्रत्येक पानाला एकच नाव द्यायचं: जागा, एन-वन (अगदी हलकी झोप), एन-टू (जरा स्थिरावलेली), एन-थ्री (गाढ) किंवा रेम (स्वप्नांची). काकांची पहिली पानं जागेपणाची होती. डोळे मिटलेले, मेंदूच्या अल्फा लहरी, म्हणजे शांत जागेपणीच्या, ठणठणीत. मग त्या विरल्या, डोळे संथपणे इकडून तिकडे घरंगळू लागले आणि थोड्या वेळानं स्पिंडल आली. सेकंदाला ११ ते १६ वेळा थरथरणाऱ्या लहरींचा छोटासा झुपका. तो दिसला की माणूस झोपला असं धरायला हरकत नसते. पाठोपाठ माइकवर घोरणंही सुरू झालं. काकी बरोबर होत्या, असं मी मनात म्हटलं आणि चहा घेतला.

दोनच्या सुमारास नाकातली नळी सरकली. स्क्रीनवर एन-टू चालू होती. मी पाय न वाजवता आत गेले, नळीला हात लावला, तोच काकांनी डोळे उघडले. "जागाच हाय मी. मगाशी उसाचा ट्रॅक्टर गेला न्हवं, गानी लावून? आनि तुमचा वॉचमन सारखा खोकतोय."

ट्रॅक्टर खरंच गेला होता. हंगामात आमच्या रस्त्यावरून रात्रभर जातात, टेप फुल्ल. मी परत येऊन पानं मागे नेली. माइकवर गाणं चढत गेलं तिथे एक मोठा के-कॉम्प्लेक्स, म्हणजे झोपेतल्या मेंदूनं आवाजाला दिलेलं उत्तर. त्यामागे काही सेकंद अल्फा, आणि लगेच पुन्हा स्पिंडल. वॉचमनच्या खोकल्याशीही तसंच.

आता आमच्या मोजणीतली गंमत बघा. पानाचा जास्त भाग ज्या अवस्थेचा, ते नाव पानाला. ३० पैकी दहा सेकंद माणूस जागा असला, तरी पान झोपेच्याच खात्यात. ती जाग 'अराउझल' म्हणून वेगळी टिपतो, पण झोपेच्या एकूण बेरजेतून ती वजा होत नाही. काकांच्या डोक्यातला हिशेब नेमका उलटा. झोपेची आठवण राहत नाही, जागेपणाची राहते. ट्रॅक्टर, खोकला, मी, हे तुकडे सलग जोडले की अख्खी रात्र जागून काढल्यासारखी वाटणारच. हलक्या झोपेतून माणसांना मुद्दाम उठवून 'झोपला होतात का' असं विचारण्याचे प्रयोग पूर्वीच झालेत. 'जागाच होतो' म्हणणारे बरेच निघतात, निद्रानाशवाल्यांत तर आणखी जास्त. शिवाय अशा काही रुग्णांच्या रेम नसलेल्या झोपेत जागेपणीच्या वेगवान लहरी जास्त मिसळलेल्या सापडतात. आमच्या पाच नावांत ती भेसळ मावत नाही.

सकाळी साडेपाचला वायरी काढताना विचारलं, किती झोपलात? "एक तास धरा. त्योबी तुमच्या समाधानासाठी."

मोजणी झाली. ८६० पानांपैकी ७४० झोपेची, म्हणजे सहा तास दहा मिनिटं. अंथरुणातल्या वेळेच्या ८६ टक्के. गाढ झोप कमी, पण वयानुसार ती घटतेच. श्वास अडकणं तासाला पाचाच्या आत, म्हणजे नॉर्मल.

डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा मी तिथेच होते. काकांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे मी खोटं बोलतोय?"

"मी काय सांगतोय दोन वर्सं?" काकींना तर कोर्टात निकाल लागल्याचा आनंद.

असा रिपोर्ट पुराव्यासारखा रुग्णाच्या तोंडावर मारला की तो परत येत नाही, हे मी बघितलंय. डॉक्टरांनी कॉम्प्युटर काकांकडे वळवला आणि म्हणाले, रात्री काय काय ऐकलंत ते सांगा. काकांनी ट्रॅक्टर सांगितला, खोकला सांगितला, एक अँब्युलन्सही सांगितली. मी एकेक पान उघडत गेले. प्रत्येक ठिकाणी जाग होती. आणि दोन जागेपणांच्या मध्ये पानंच्या पानं स्पिंडल. काका पुढे झुकून बघत राहिले. "मधलं हे मला कसं ठावं न्हाई?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आवाज उतरला होता.

झोप लागूनही जागंच असल्यासारखं वाटणं, याला पॅराडॉक्सिकल इन्सोम्निया म्हणतात. काकांचा थकवा मात्र खरा होता. ते नऊला आडवे होऊन सहाला उठत. सहा तासांच्या झोपेसाठी नऊ तास अंथरूण, उरलेला वेळ घड्याळ बघणं. गोळी मागितली, मिळाली नाही. डॉक्टरांनी त्याऐवजी नियम घालून दिले. साडेअकराशिवाय पाठ टेकायची नाही, साडेपाचला उठायचं, झोप येईना तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, उशाजवळचं घड्याळ हलवायचं, आणि सुरुवातीला दिवसा झोप अनावर झाली तर स्कूटर चालवायची नाही. अंथरुणातला वेळ कापण्याची ही पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडली. २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सही जुनाट निद्रानाशात गोळ्यांआधी असेच वर्तनोपचार सुचवतं. काकांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. "साडेअकरापर्यंत करू काय?" एवढाच त्यांचा प्रश्न.

"भांडी घासा," काकींनी सुचवलं.

पुढच्या भेटीला डायरी आली. दुपारची डुलकी बंद झाली होती, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी सुरू झाली होती. 'किती झोपलात' या रकान्यात रोज दोन आकडे होते. काकांच्या अक्षरात चार, आणि शेजारी वेगळ्या पेननं, जरा मोठ्या अक्षरात, सहा. डॉक्टरांनी दोन्ही आकडे फाइलमध्ये उतरवून घेतले आणि झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली.