धुकट थर नसलेल्या प्लेटा

ऑक्टोबरमधल्या त्या सोमवारी मी प्रयोगशाळेचे दार उघडण्याआधीच माझी विद्यार्थिनी व्हरांड्यात येऊन उभी होती. शनिवारी सकाळी 37 अंशांवर ठेवलेल्या, जिवाणू वाढवण्याच्या प्लेटांचे 48 तास पूर्ण झाले होते आणि तिला धीर धरवत नव्हता. कॉफीतील घटक अफ्लाटॉक्सिनपासून संरक्षण देतात का, हे आम्ही तपासत होतो. हे विष ॲस्परजिलस फ्लेवस या पिवळसर-हिरव्या बुरशीचे. यकृतातील विकरे (एन्झाइम) त्याचे इपॉक्साइड हे अधिक क्रियाशील रूप बनवतात, ते डीएनएतील ग्वानिन या घटकाला चिकटते आणि कर्करोगाची वाट तिथून सुरू होते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही, कारण सिल्लोड-कन्नडकडचा मका नेमका परतीच्या पावसात काढणीला येतो.

आमची चाचणी अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांची, म्हणजे जुनी आणि स्वस्त. वाढीला लागणारे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे, विषाला सक्रिय करण्यासाठी उंदराच्या यकृताचा अर्क घालायचा आणि जनुकबदल होऊन पुन्हा वाढू लागलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या. नुसते अफ्लाटॉक्सिन घातलेल्या प्लेटा वसाहतींनी भरून गेल्या होत्या; कॉफीचा अर्कही घातलेल्या प्लेटांवर त्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. विद्यार्थिनीने परिषदेच्या पोस्टरचे शीर्षकसुद्धा ठरवून टाकले होते, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते आवडले.

मग माझे लक्ष शेजारच्या प्लेटांकडे गेले. त्यांत विषही नव्हते आणि कॉफीही नव्हती, तरी आपसूक होणाऱ्या बदलांमुळे काही डझन वसाहती असतातच, तशा त्या होत्या. कॉफीच्या प्लेटांवर त्याहूनही कमी होत्या. संरक्षण कितीही उत्तम असले तरी ते विषाचा परिणाम पुसेल. मुळात विषाशिवाय जे घडते तेही कसे पुसेल? मी तिला विचारले, “अर्क गाळला कशातून?” ती म्हणाली, “फिल्टर पेपरमधून, मॅडम, नेहमीसारखाच.” आता दुसरी शंका आली. यकृतातील विषनिवारक विकरे वाढवतात म्हणून ज्यांची चर्चा होते ती कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल ही कॉफीच्या तेलातली द्रव्ये कागदातच अडकतात. (तीच द्रव्ये रक्तातले कोलेस्टेरॉलही वाढवतात, हे उत्साहाच्या भरात कुणी सांगत नाही.) शिवाय विकरे वाढायला जिवंत यकृत आणि काही दिवस लागतात, उंदरांना आहारातून ही द्रव्ये दिल्यावर दिसणारा परिणाम आमच्या मृत अर्कात दिसण्याचे काही कारण नव्हते.

प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सुरुवातीला दिलेल्या किंचित हिस्टिडीनवर सगळेच जिवाणू थोडे वाढतात आणि वसाहतींच्या मागे, काचेवर फुंकर घातल्यावर धरते तशी, धुकट साय दिसते. इथे ती नव्हती. अगार, म्हणजे प्लेटेतली पोषक जेली, स्वच्छ, काचेसारखा. आटवून दाट केलेल्या आमच्या कॉफीने जिवाणूंना वाचवले नव्हते, मारले होते. मेलेले जिवाणू वसाहती कुठून करणार? वहीत आधी लिहिलेले ‘लक्षणीय घट’ हे शब्द विद्यार्थिनीने एक रेघ मारून खोडले आणि बाजूला ‘थर नाही’ असे लिहिले. अर्क बराच पातळ करून पुढच्या आठवड्यात चाचणी पुन्हा केली तेव्हा थर परतला आणि घट उरली ती दावा करण्याजोगी नव्हती.

2016 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीला संशयितांच्या यादीतून काढले, यकृताच्या कर्करोगाशी तिचे उलटे नातेही नोंदवले. पण ते माणसांच्या निरीक्षणांवरून, आमच्या प्लेटांवरून नव्हे. आणि आमच्याकडची कॉफी म्हणजे पाहुणे आले की दुधात ढवळलेली चमचाभर इन्स्टंट, जिच्यात ते तेल जवळपास नसतेच.

प्लेटा नष्ट करायला नेताना आमचे परिचर मामा सगळे ऐकत होते. त्यांचा मका सिल्लोडला ओलाच ढिगात पडलेला. “मॅडम, म्हणजे कॉफी पिऊन बुरशीचं भागत नाही?” मी म्हटले, “नाही, मामा. हिरवट कणसं वेगळी काढा, कोंबड्यांनाही घालू नका. बाकीचा पसरून चांगला वाळवा. झालेलं विष भाजूनही पुरतं जात नाही.” मामांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले. “वाळवायला ऊन कुठंय?” म्हणाले आणि त्याच दुपारची सुट्टी मागितली.