डॉट दोन्ही खरे, जोडी चुकीची

ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या पंचवटीतल्या दुकानात फवारणीच्या पंपांची रांग लागते. त्यातून पोंग्यात, म्हणजे डोळे फुटताना पाऊस झाला की विचारूच नका, डावणी रोगाच्या भीतीने द्राक्षवाला माणूस थांबायला तयारच नसतो. अशाच एका पावसानंतर दिंडोरीकडचे एक काका एचटीपी पंपाचं इंजिन पिकअपमधून घेऊन आले, १६३ सीसी, फोर स्ट्रोक, पेट्रोलवालं. "भाऊ, रिंगा बदलल्या, कार्बोरेटर नवा टाकला, प्लग नवा, तरी चोक ओढल्याशिवाय चालंना, पंप लावला की मरतंय." इंजिन बांधणारा त्यांच्या गावाजवळचाच एक पोरगा, हात चांगला आहे त्याचा, मी काम बघितलंय.

दोरी ओढली तर हलकी लागली. पण या इंजिनांना डीकॉम्प्रेशन असतं, स्टार्ट करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलला जातो, म्हणून नुसत्या हाताच्या अंदाजावर कॉम्प्रेशन गेलं असं म्हणत नाही मी. एअर फिल्टर काढला तर तो पेट्रोलने ओला! कार्बोरेटर उलटा थुंकत होता, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर होतोय आणि आत घेतलेलं मिक्श्चर पिस्टन परत बाहेर ढकलतोय. फ्लायव्हीलची चावी बघितली, ती शाबूत, म्हणजे स्पार्क जागेवर. आणि स्पार्क तर फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवर असतो, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे ठिणगी मस्त पडतीये म्हणून व्हॉल्व्हचं टायमिंग बरोबर असं होत नाही. बरेच जण इथेच फसतात.

आता क्रँककेस उघडायच्या आधी एक गोष्ट फुकटात बघता येते. व्हॉल्व्ह कव्हर काढायचं, प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर टेकवून पिस्टन वर आणायचा, पण एक्झॉस्ट संपतानाचा टॉप, कॉम्प्रेशनचा नाही. त्या जागी एक्झॉस्ट मिटत आलेला आणि इनटेक नुकता उघडायला लागलेला असा दोन्ही रॉकरांचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांचा, झोका दिसला पाहिजे. इथे पिस्टन टॉपला तरी एक्झॉस्ट चांगला उघडा आणि इनटेक ढिम्म. फ्लायव्हील थोडं पुढे फिरवलं तेव्हा कुठे झोका आला. कॅम मागे पडलाय, बहुतेक एक दात. एक दात म्हणजे किरकोळ वाटतं पण कॅमला फिरवणाऱ्या क्रँक गिअरला समजा २४ दात असले तर तो १५ अंश होतो, आणि कॅमला दुप्पट दात असतात म्हणून तिकडे साडेसात.

ऑइल काढलं, इंजिन आडवं केलं, क्रँककेसच्या कव्हरची बाजू वर. कॅमवर टेकणारे टॅपेट खाली पडू नयेत म्हणून हे, नाहीतर कॅम बसवताना चिडचिड होते. क्रँक आणि कॅमच्या गिअरवर जुळवायच्या खुणेचे डॉट असतात, कव्हर उचललं तर डॉटसमोर डॉट! अगदी बरोबर! काका म्हणाले, "मग काय खोट आहे?" मी पण गप्प.

मग दोन्ही गिअर पेट्रोलने घासून धुतले आणि गंमत कळली. कॅमवर कंपनीचा मोठा डॉट, त्याच्या शेजारच्या दातावर काजळीने बुजलेला पंचाचा बारीक ठोका. क्रँकवर उलटं, पंचाचा ठोका चकचकीत आणि कंपनीचा डॉट पुसट, बाजूच्या दातावर. कधीतरी कुणीतरी इंजिन टॉपच्या एक दात पुढे असताना उघडलं असणार आणि सोपं जावं म्हणून जुळलेल्या दातांवर पंच मारला असणार. कंपनीची जोडी बरोबर, पंचाची जोडीही बरोबर. पोराने क्रँकचा पंच आणि कॅमचा कंपनीचा डॉट अशी सोयरीक लावली. त्याला दिसले तेवढे त्याने जुळवले, मी तरी त्याला नावं ठेवणार नाही. ज्याने पंच मारला त्याने निदान रंग तरी लावायचा ना, पंच कशाला?

कंपनीचे डॉट जुळवले, टॅपेट आत ढकलून कॅम बसवला, नवं पॅकिंग टाकलं, गव्हर्नरचा गिअर बसला का बघून कव्हर लावलं. परत झोका बघितला, आता बरोब्बर टॉपला. व्हॉल्व्हचा क्लिअरन्स थंड इंजिनवर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी, ऑइल साधारण ६०० मिली. चोकशिवाय उचललं आणि पंपाच्या लोडवर आवाज पडला नाही.

काकांनी तिथूनच पोराला फोन लावला. आधी तो ऐकेचना, "मी डॉट जुळवूनच बांधलंय" म्हणून चढ्या आवाजात बोलत होता. मी धुतलेल्या गिअरांचे फोटो काढून ठेवले होते ते पाठवले. जरा वेळाने त्याचा मेसेज आला, दादा ते रॉकर बघायचं कसं ते एकदा दाखवा. ये म्हटलं रविवारी.