तुम्ही विचारलंत म्हणून: एवढंसं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर कशाला?

गणपतीत मंडळात विषय निघतो, भारतात गेले की निघतो, आणि परवा व्हिडिओ कॉलवर वन्संनी तर सगळ्यांसमोरच विचारलं, "अगं तू खरंच पर्समध्ये बंदूक घेऊन फिरतेस?" तर पहिलं म्हणजे पर्समध्ये नाही, खिशात. पर्स कोणीही ओढून नेतं आणि मी ती कुठेही विसरते. आणि दुसरं म्हणजे खरा प्रश्न तो नसतोच, तो मागून येतो, बहुतेक वेळा ज्याला थोडीफार माहिती आहे अशा कुणा भाऊजींकडून: "पण एवढंसं? पाचच गोळ्या? आता पंधरा-पंधरा गोळ्यांची पिस्तुलं मिळतात, हे आजोबांच्या काळातलं कशाला?" एकेकाला सांगत बसायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहिते.

आम्ही टेक्सासमध्ये, ह्युस्टनच्या बाहेर राहतो, भागीदारीत एक गॅस स्टेशनचं दुकान आहे आणि आठवड्यातल्या तीन रात्री बंद करायची पाळी माझी. काही वर्षांपूर्वी एकदा रात्री बँकेच्या ड्रॉप बॉक्समध्ये गल्ल्याची पिशवी टाकून निघाले तर एक गाडी मागे लागली, दोन वळणं, तीन वळणं, मी मुद्दाम उलटी गेले तरी मागेच. घरी गेलेच नाही, सरळ पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये जाऊन थांबले, ती गाडी पुढे निघून गेली. एवढीच गोष्ट. कोणी काही केलं नाही, कदाचित तो बिचारा रस्ता चुकलेलाही असेल. पण त्यानंतर दोन महिने झोप धड लागली नाही.

तेव्हा नुकतंच ग्रीन कार्ड आलं होतं, नाहीतर विचारसुद्धा करता आला नसता, कारण एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-फोर (त्यांच्या कुटुंबाचा) वर असताना बंदूक बाळगणं अमेरिकेच्या फेडरल कायद्यात गुन्हा आहे (शिकारीचं लायसन वगैरे एक-दोन अपवाद आहेत). हे आपल्या बऱ्याच पोरांना माहीतच नसतं, मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन फोटो टाकतात.

तर गेले बंदुकांच्या दुकानात. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळ्यात छोटं रिव्हॉल्वर काढलं, गुलाबी मुठीचं. "बायकांसाठी परफेक्ट." मला रागच आला. मी हट्टाने मोठं पिस्तूल घेतलं, 15 गोळ्यांचं, सगळे घेतात ते. चांगलंच होतं, रेंजवर नेम पण छान लागायचा. पण भरल्यावर पाऊण किलोच्या वर वजन, कमरेला पट्टा, पट्ट्यावर होल्स्टर (बंदुकीचं म्यान), त्यावर ढगळ शर्ट, कुर्ता घातला तर लावायचं कुठे, साडी तर सोडूनच द्या. पहिले दोन आठवडे उत्साहाने लावलं, मग "आज दिवसाची पाळी आहे, राहू दे", मग "आज पाठ दुखतेय", आणि सहा महिन्यांनी ते कपाटातल्या तिजोरीतच असायचं, आणि मी रात्री अकराला शटर ओढत असायचे.

आणि हो, स्लाइड. पिस्तुलाची वरची स्लाइड ओढायला दोन्ही हातांत जोर लागतो, माझा उजवा अंगठा संधिवाताने कामातून गेलाय. तसं तंत्र शिकलं की जमतं, पण हिवाळ्यात सकाळी नाही जमत म्हणजे नाही जमत.

मग परत त्या छोट्या रिव्हॉल्वरकडे आले, दोन वर्षांनी, दुसऱ्या दुकानात आणि गुलाबी नसलेल्या. स्मिथ अँड वेसनचं 642. रिकामं असताना 400 ग्रॅमच्या आसपास, नळी दोन इंचाला जरा कमी, .38 स्पेशलच्या पाच गोळ्या. भरून सुद्धा अर्धा किलोच्या आत. याचं कूळ तसं जुनं. त्याआधी कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल होतं 1927 चं, नावाप्रमाणे साध्या वेशातल्या पोलिसांचं, सहा गोळ्यांचं. मग 1950 मध्ये स्मिथ अँड वेसनने एक गोळी कमी करून अजून बारीक केलं, पोलीस प्रमुखांच्या परिषदेत ते दाखवलं आणि नावच पडलं चीफ्स स्पेशल. 1952 मध्ये कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचा घोडा आत झाकलेला प्रकार आला. (मुंबईत घोडा म्हणजे आख्खी बंदूकच, मी म्हणतेय तो मागचा, हातोडीसारखा भाग.) माझं त्याच घराण्यातलं, फक्त धड अ‍ॅल्युमिनियमचं. घोडा बाहेर नाही म्हणजे खिशातून काढताना अडकायला काही नाही, सगळं गोल, नदीतल्या गोट्यासारखं. खिशाचं होल्स्टर असतं, खरबरीत कापडाचं, ते खिशातच राहतं आणि रिव्हॉल्वर तेवढं बाहेर येतं. त्याचा आकार पण असा की बाहेरून मोबाइल किंवा किल्ल्यांचा जुडगाच वाटतो.

पण मला खरं आवडलं ते वेगळंच. पिस्तूल भरलेलं आहे की नाही हे कळायला मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची डबी) काढा, स्लाइड मागे घ्या, चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या गोळीच्या घरात, बघा, आणि तिथेच लोक चुकतात, मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजून बसतात आणि आत एक गोळी उरलेली असते. इथे अंगठ्याने खटका दाबायचा, सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं चाक, डावीकडे बाहेर येतं, पितळेच्या पाच गोल बुडख्या दिसल्या म्हणजे भरलेलं, पाच भोकांतून पलीकडचा उजेड दिसला म्हणजे रिकामं. रात्री घरी आल्यावर अर्धवट झोपेत असताना मला एवढंच डोकं चालवायला जमतं. गोळी फुसकी निघाली तरी ट्रिगर परत दाबायचा, पुढचं घर समोर येतं. आणि कोणी अंगाशीच आलं आणि नळी त्याच्या अंगाला टेकली तर पिस्तुलाची स्लाइड मागे सरकून अडू शकते, याला सरकायला काही नाहीच.

आता तुम्ही म्हणाल मग तर हे सोप्पंच झालं. अजिबात नाही. बाळगायला सोपं आणि चालवायला महाकठीण, आणि म्हणून त्या काउंटरवाल्याचा राग अजून गेलेला नाही, कारण नवशिक्या बाईच्या हातात सगळ्यात आधी जे द्यायला नको तेच दुकानदार देतात. ट्रिगर ओढायला 10-12 पौंडांचा जोर लागतो, म्हणजे पाच किलोच्या तांदळाची पिशवी एका बोटाने उचलण्यासारखं, आणि बंदूक स्वतः अर्धा किलोची पण नाही, मग ओढताना ती हलणारच. वजन कमी म्हणून धक्का जास्त. पहिल्या दिवशी मी जास्त दाबाच्या गोळ्या घेऊन गेले होते, प्लस-पी म्हणतात त्या, पाचच्या चार फेऱ्यांनंतर अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी सोलवटलेली आणि सात यार्डांवरच्या कागदावर वीसपैकी अकरा भोकं, ती पण जत्रेतल्यासारखी कुठेही. रेंजवरचा म्हातारा इन्स्ट्रक्टर हसला नाही, त्याने आपल्या डब्यातल्या दहा गोळ्या दिल्या, वॉडकटर, सपाट तोंडाच्या, मुळात टार्गेट शूटिंगसाठीच्या. धक्का निम्म्यावर आल्यासारखा वाटला आणि कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखी स्वच्छ गोल भोकं. तेव्हापासून मी त्याच वापरते. भरायला त्रास होतो, सपाट तोंड भोकात पटकन शिरत नाही, पण चालतं.

नेम धरायला म्हणाल तर मागे नुसती खाच आणि पुढे एक बारीक उंचवटा, दोन्ही करडे, अंधारात काही दिसत नाही. पुढच्या उंचवट्याला मी केशरी नेलपॉलिश लावलंय, खाली पांढऱ्याचा एक हात देऊन. ही माझी आयडिया नाही, इथे कित्येक जण करतात, दाढीवाले बाप्ये पण.

घरी डमी गोळ्या घालून टीव्हीसमोर ट्रिगर ओढायची प्रॅक्टिस करते, रोज वीस वेळा (खऱ्या गोळ्या तेव्हा दुसऱ्या खोलीत, हा नियम मोडायचा नाही). वर्षभर हे केल्यावर इथल्या बंदूक बाळगायच्या लायसनची नेमबाजीची परीक्षा, 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या, 250 पैकी 175 ला पास, ती मी इन्स्ट्रक्टरसमोर मुद्दाम या एवढ्याशाने देऊन बघितली आणि 206 पडले. मोठ्या पिस्तुलाने 240 पडले होते. म्हणजे फरक आहे, नाही म्हणत नाही.

भाऊजींचा पाच गोळ्यांचा मुद्दाही खोटा नाही. 1986 मध्ये मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट गेले, आणि एका एजंटच्या हाताला गोळी लागल्यामुळे त्याला स्वतःचं रिव्हॉल्वर परत भरताच येईना. त्यानंतर एफबीआय पिस्तुलांकडे वळली आणि हळूहळू जवळपास सगळे पोलीस. 2018 मध्ये सिग कंपनीचं पी-365 पिस्तूल आलं, जवळजवळ तेवढंच छोटं आणि मॅगझिनमध्ये 10 गोळ्या, तेव्हा तर लोक म्हणाले आता छोटी रिव्हॉल्वरं संपली. शिवाय रिव्हॉल्वर कधी अडतच नाही ही पण थाप आहे. न जळलेल्या दारूचे कण रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या मागच्या चांदणीखाली अडकून माझं सिलिंडर एकदा फिरेनासंच झालं होतं, तेव्हा तिथल्या तिथे काही करता येत नाही, टूथब्रश घेऊन बसायचं. पण मी पोलीस नाही, मला कोणाचा पाठलाग करायचा नाही. मला दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत जायचंय. आणि रोज, न चुकता, जे बरोबर असतं ते हेच आहे.

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला साधारणपणे लायसनशिवाय पण बाळगता येतं. मी तरी लायसन घेतलंच, फी 40 डॉलर, क्लासमध्ये कुठे न्यायचं नाही हे नीट कळतं. दारावर 30.06 ची (लपवलेली बंदूक आत आणू नका, या कलमाची) पाटी असली की आत नाही, बारवर लाल 51 टक्क्यांची (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, अशी) पाटी असली की नाही, पोस्टात नाही, कोर्टात नाही, शाळेत नाही. मंडळाच्या गणपतीला मी ते घरीच ठेवते, पाटी असो नसो. मोदक वळायला बसल्यावर खिशात ते नको वाटतं.

एक गोष्ट सहसा सांगत नाही. इथे बंदुकीने जे जीव जातात त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मुलगा सोळा-सतराचा असताना आमच्या घरात एक वर्ष फार वाईट गेलं, त्या वर्षात मी ते घरात आणलंच नाही, दुकानाच्या तिजोरीतून घ्यायचं आणि तिथेच ठेवायचं, गाडीपर्यंत रिकाम्या खिशाने जायचं. भीती वाटायची. पण घरातली भीती मोठी होती.

साताऱ्याकडे माझ्या काकांची लायसनची बारा बोअर होती, निवडणूक आली की ठाण्यात जमा, निकालानंतर परत, आणि मधल्या काळात काका उघडे-बोडके झाल्यासारखे बसायचे. आपल्याकडे हत्यार दिसलं पाहिजे, लग्नात कमरेला रिव्हॉल्वर दिसलं की माणूस बडा. म्हणून आमच्याकडच्यांना लपवायचं हत्यार ही कल्पनाच पटत नाही, "मग उपयोग काय?" भारतात 2014 मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने निर्भीक नावाचं .32 बोअरचं हलकं रिव्हॉल्वर काढलं होतं बायकांसाठी म्हणून, अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा आईने कात्रण कापून ठेवलं होतं माझ्यासाठी. सव्वा लाख कोणत्या बाईकडे असतात आणि असले तर लायसन कोण देतो, असं तीच म्हणाली, पण कात्रण ठेवलं.

दर रविवारी मी ते पुसते, कारण खिशातला कापसासारखा मळ सगळीकडे शिरतो. एकदा होल्स्टरच्या तळातून बडीशेपेचे दाणे निघाले. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही हा पहिला नियम, तो मीच मोडला होता, जेवणानंतर.

मागच्या महिन्यात भाची आली होती रेंजवर, ती अजून एच-फोर वर आहे त्यामुळे हात लावायचा नाही असं आधीच बजावलं होतं, काचेपलीकडे कानाला मफ लावून बसली पाऊण तास. मी बाहेर आले, बंदुकीच्या दारूचा वास येणारे हात धुतले, मला वाटलं होतं ती काहीतरी विचारेल नेमाबद्दल वगैरे. तिने माझा हात हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "आत्या, बंदुकीला नेलपॉलिश आणि तुझी नखं अशी?"