क्लासलाच विचारा, तुझ्यात काय काय आहे

दादरच्या आमच्या ऑफिसात हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर आहे. त्याचं डॉक्युमेंटेशन वर्षानुवर्षं एका वर्ड फाइलमध्ये होतं. फाइलमध्ये थकबाकीच्या मेथडला (क्लासमधल्या फंक्शनला) दोन पॅरामीटर, म्हणजे त्याला द्यायच्या किमती, कोडमध्ये चार. टीममध्ये नवीन आलेली मुलगी फाइलवर विश्वास ठेवून कोड लिहायची आणि एरर आला की माझ्याकडे यायची. तिचं काहीच चुकत नव्हतं. कोड रोज बदलतो, फाइल कुणी उघडत नाही.

आता आम्ही माहिती कोडमधूनच काढतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत क्लास, म्हणजे माहिती आणि मेथड एकत्र बांधणारा साचा, हाही एक ऑब्जेक्टच, त्यामुळे प्रोग्रॅम चालू असताना त्यालाच विचारता येतं. इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं सिग्नेचर पॅरामीटर आणि त्यांच्या डिफॉल्ट किमती देतं, गेटडॉक डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेलं वर्णन, देतं. मेथडची यादी गेटमेंबर्सही देतं, पण नावाच्या अक्षरक्रमाने. मला आधी बिल, मग पावती, असा लिहिणाऱ्याने लावलेला क्रम हवा होता. पायथॉन 3.6 पासून क्लासची डिक्शनरी तो क्रम जपते, म्हणून यादी तिथून घेते. मोठं काम असेल तर सरळ स्फिंक्स या डॉक्युमेंटेशनची पानं बनवणाऱ्या टूलचं ऑटोडॉक वापरा. तेही मॉड्यूल इम्पोर्ट करूनच माहिती काढतं, तेव्हा इम्पोर्ट होताच डेटाबेसला जोडणारी ओळ असेल तर ती आधी फंक्शनच्या आत हलवा.

डेकोरेटरने, म्हणजे फंक्शनला गुंडाळून त्यात भर घालणाऱ्या फंक्शनने, मात्र छळलं. लॉगिंगचा डेकोरेटर लावलेल्या मेथडचे खरे पॅरामीटर दिसेनात, डॉकस्ट्रिंग गायब. डेकोरेटरच्या आत फंक्टूल्सचा रॅप्स लावला आणि दोन्ही परत आले, कारण त्यामुळे मूळ फंक्शनची खूण राहते आणि सिग्नेचर तिथपर्यंत पोचतं.

पण थकबाकीचीच मेथड बघा. डॉक्युमेंटेशनच्या पानावर आपोआप येतं: व्याजदर, डिफॉल्ट 21. हे 21 आलं कुठून? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या 2014 च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के व्याज घेता येतं, आणि तेही सरळव्याज. उद्या कुणी तिथे चक्रवाढ लावलं तरी कोड चालेल, बिलं छापली जातील, आणि सर्वसाधारण सभेत सगळे सेक्रेटरीला धारेवर धरतील. ही मर्यादा क्लासला कितीही विचारून कळणार नाही. ती ज्याला माहीत आहे त्यानेच डॉकस्ट्रिंगमध्ये लिहायला हवी.

म्हणून पब्लिक (बाहेरून वापरायच्या) मेथडला डॉकस्ट्रिंग नसेल तर आमचा बिल्ड, म्हणजे कोड तपासून तयार करण्याची प्रक्रिया, थांबतो. ही तपासणी गेटडॉकवर सोडू नका. पायथॉन 3.5 पासून मेथडला स्वतःची डॉकस्ट्रिंग नसली तर ते वरच्या क्लासची, म्हणजे ज्या मूळ क्लासवरून हा क्लास बनवला त्याची, उचलून देतं. आमच्या बिनभोगवटा शुल्काच्या (घर भाड्याने दिल्यावर लागणाऱ्या शुल्काच्या) मेथडखाली असंच मूळ क्लासचं ‘रक्कम काढते’ एवढंच दिसत होतं. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेचा उल्लेखही नव्हता. आता स्क्रिप्ट प्रत्येक मेथडची स्वतःचीच डॉकस्ट्रिंग तपासते. आणि रिव्ह्यूत नुसतं ‘रक्कम काढते’ दिसलं, तर मी ते परत पाठवते.