कोंबडीला कुठे दूध असतं?

आम्ही मांस आणि दूध एकत्र का खात नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून शनवार तेली. जेवणाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ एवढंच आहे ना, मग चिकनला दही का लावत नाही? कोंबडीला कुठे दूध असतं? आणि पाठोपाठ, जरा समजुतीच्या सुरात, हे सगळं प्रतीकात्मकच असणार ना?

कोंबडीची शंका तालमूदइतकी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथाइतकी, जुनी आहे. त्यातले रब्बी (धर्मगुरू) योसे हग्लिली नेमका हाच मुद्दा काढायचे, की पक्ष्याला आईचं दूध नसतं. त्यांच्या गावात पक्ष्याचं मांस दुधात खात. बाकीच्यांनी ते मानलं नाही. आज कोंबडी चालली तर उद्या लोक मटणही चालवून घेतील, म्हणून कुंपण जरा अलीकडेच घातलं. करडाचं वाक्य तोरात तीनदा येतं, त्यातून शिजवणं, खाणं आणि त्यापासून फायदा घेणं अशा तीन मनाया काढल्या. मग वेगळी भांडी आली. मटणानंतर दुधाला किती वेळ थांबायचं याची गणितं आली. बऱ्याच ठिकाणी सहा तास, जर्मन ज्यूंकडे तीन, हॉलंडात एक. यातलं काहीच त्या वाक्यात नाही. म्हणजे आम्ही ज्याला शब्दशः पाळणं म्हणतो ते शब्दशः मुळीच नाही.

अर्थ लावणारेही पूर्वीपासून आहेत. अलेक्झांड्रियातल्या एका जुन्या ग्रीक पत्रात म्हटलंय, खायला चालणाऱ्या जनावराला दुभंगलेला खूर आणि रवंथ हवी, त्यात दुभंगलेला खूर म्हणजे बऱ्यावाइटाचा विवेक, रवंथ म्हणजे स्मरण, आणि शिकारी पक्षी वर्ज्य ते माणसाने दुसऱ्याला ओरबाडू नये म्हणून. मला हे वाचायला फार आवडतं. मध्ययुगातला ज्यू पंडित मायमोनिडीज पडला वैद्य, त्याने डुकराच्या घाणीवर आणि प्रकृतीवर बोट ठेवलं. त्यावर पंधराव्या शतकातला तोराचा भाष्यकार अब्राबानेल वैतागून म्हणतो, तोरा म्हणजे काय वैद्यकाची छोटी पुस्तिका आहे? आणि डुक्कर खाणारी माणसं चांगली धडधाकट दिसतात की! (तरी आजही कुणी ना कुणी मला जंतांचं कारण समजावून सांगतंच.)

प्रतीकाची गंमत अशी की अर्थ हाती लागला की नियम ओझं वाटायला लागतो. बर्णबाच्या नावाने चालणाऱ्या एका आरंभीच्या ख्रिस्ती पत्रात तर सरळ म्हटलंय, मोशे डुकराबद्दल नव्हे, डुकरासारख्या माणसांबद्दल बोलत होता. अमेरिकेत 1883 साली सिनसिनाटीला रब्बींच्या पहिल्या तुकडीच्या पदवीनिमित्त मेजवानी झाली. ताटात खेकडे, कोळंबी आणि बेडकाचे पाय, सगळं आम्हाला वर्ज्य! काही पाहुणे उठून गेले. दोनच वर्षांनी पिट्सबर्गला सुधारणावादी रब्बींनी हे नियम आता कालबाह्य झाल्याचं ठरावातच लिहिलं.

फायलो मात्र मला पटतो. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ, स्वतः प्रतीकांचा नादिष्ट, पण अर्थ कळला म्हणून आचार सोडणाऱ्यांवर तो चिडतो. अर्थ हा आत्मा, आचार हे शरीर, आणि आत्मा राहतो ते घर नको का सांभाळायला, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं ते आमच्याच इतिहासामुळे. आमच्याकडे सांगतात, डेव्हिड राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू कोकणात आला तेव्हा आमचे लोक हिब्रू विसरले होते, ग्रंथ नव्हते, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी उरली होती. हे ज्यूच आहेत याची खात्री करायला त्याने बायकांपुढे सगळी मासळी मिसळून ठेवली. त्यांनी खवले-पर असलेली, म्हणजे तोराप्रमाणे चालणारी, निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. खवल्यांचा अर्थ काय, असं त्याने विचारलं असतं तर त्या बायका त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या असत्या.

तेव्हा दही मी लावत नाही. रब्बी योसेंचं गाव माझं नव्हे. आमच्या रश्शात नारळाचं दूध पडतं, त्याला कुणाचीच हरकत नाही. पण पोलंडच्या एका रब्बींनी सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय, की मांसाबरोबर बदामाचं दूध वाढाल तर शेजारी बदाम ठेवा, बघणाऱ्याचा गैरसमज नको. तेव्हा उद्या जेवायला याल आणि काही शंका आलीच, तर करवंट्या मोरीजवळ ठेवलेल्या असतात.