दोन घरचा पाहुणा: इंग्लंडमधल्या रेल्वेच्या बसगाड्या

दक्षिण इंग्लंडमधल्या स्विंडनला नवीन कुणी राहायला आलं की शेजारीपाजारी त्याला दोन गोष्टी हटकून दाखवतात. पहिली मॅजिक राउंडअबाउट: एकाच चौकात कोंबलेले पाच छोटे गोल चौक, १९७२ पासून ड्रायव्हर मंडळींची रोज परीक्षा घेणारं प्रकरण. दुसरी ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना. १८४३ साली सुरू झाला, १९८६ साली बंद पडला. आता त्याच्या एका भागात ‘स्टीम’ हे रेल्वे संग्रहालय आहे आणि दुसऱ्या मोठ्या भागात ब्रँडेड कपड्यांचा मॉल. इथल्या जुन्या घरांत कुणाचा ना कुणाचा बाप, काका, आजोबा या कारखान्यात राबलेला असतोच, त्यामुळे गावात गप्पा सुरू झाल्या की त्या फिरून इंजिनांवर येतात.

मला मात्र या रेल्वेची गोडी रस्त्यावरून लागली. कारण ग्रेट वेस्टर्नच्या स्वतःच्या बस होत्या. चॉकलेटी-क्रीम रंगाच्या, अंगावर रेल्वेचं नाव मिरवणाऱ्या. रेल्वे कंपनीला बस चालवायची काय हौस, असं वाटेल. हौस कसली, हिशेब होता.

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेलं टोक. त्यातलंही अगदी दक्षिणेचं टोक लिझर्ड. तिथून सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन हेल्स्टन, ते १८८७ साली झालं. पुढे लिझर्डपर्यंत रूळ न्या, म्हणून लोक कंपनीच्या मागे लागले. छोटी, हलकी लाइन टाकायची म्हटली तरी खर्चाचा अंदाज निघाला ८५,००० पौंड. वस्ती विरळ, माल थोडा, पर्यटक फक्त उन्हाळ्यात. एवढे पैसे घालायला कंपनीचा हात धजेना. मग तोडगा निघाला: आधी मोटारबस चालवून बघू, गर्दी झाली तर रुळांचं बघू. १७ ऑगस्ट १९०३ रोजी हेल्स्टन ते लिझर्ड ही बस सुरू झाली.

गंमत म्हणजे त्या गाड्या सेकंडहँड होत्या. मिल्नेस-डेमलर बनावटीच्या या बस आधी शेजारच्या डेव्हनमध्ये, लिंटन अँड बार्नस्टेपल या चिमुकल्या रेल्वेला प्रवासी आणून देण्यासाठी धावत होत्या. तिथे पोलिसांनी वेगावरून हरकत घेतली, सेवा गुंडाळावी लागली आणि ग्रेट वेस्टर्नने गाड्या उचलल्या. भरीव रबरी टायर, खडबडीत रस्ते. गाडीला नंबरप्लेट लावायची सक्तीही नव्हती, कारण तो कायदा १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला. म्हणजे रेल्वेची ही बस नंबरप्लेटपेक्षा जुनी.

रूळ लिझर्डपर्यंत कधीच गेले नाहीत. उलट १९६२ साली हेल्स्टनची प्रवासी गाडीच बंद झाली. लिझर्डला बस अजून जाते.

हेल्स्टनचा प्रयोग जमला आणि ग्रेट वेस्टर्नने मागे वळून पाहिलं नाही. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांमध्ये बसचा सगळ्यात मोठा ताफा पुढे तिच्याकडेच होता. बाकीच्याही स्वस्थ बसल्या नाहीत. उत्तरेत ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वेने १९०४ साली बॅलटर ते ब्रेमार अशी बस काढली. बॅलटर म्हणजे त्या लाइनचं शेवटचं स्टेशन. राजघराणं आपल्या बालमोरलच्या वाड्यावर जायला इथेच उतरायचं. तिथून पुढे डोंगर, आणि डोंगरात रूळ घालण्यापेक्षा बस बरी.

आयर्लंडमधली ग्रेट नॉर्दर्न तर याहून पुढची. १९३७ पासून तिने आपल्या डंडॉकच्या रेल्वे कारखान्यात स्वतःच्या बस बांधल्या, इंजिन तेवढं मँचेस्टरच्या गार्डनर कंपनीचं. जिथे वाफेची इंजिनं दुरुस्त व्हायची त्याच आवारातून बस बाहेर पडायची. या वंशावळीतल्या काही गाड्या आजही जपलेल्या आहेत.

मग या सगळ्या बस गेल्या कुठे? तर त्या मोडीत निघण्याआधी कागदावरच नाहीशा झाल्या. रेल्वे कंपन्यांना सर्रास बस चालवायचा अधिकार आहे की नाही, याबद्दल बरीच वर्षं कायद्याची साशंकता होती. १९२८ साली संसदेने तो अधिकार स्पष्टपणे दिला. आता रेल्वेच्या बस देशभर धावणार असं कुणालाही वाटेल. झालं भलतंच. अधिकार हातात येताच रेल्वे कंपन्यांनी स्वतः बस चालवण्यापेक्षा बस कंपन्यांमध्ये भागीदारी घेणं पसंत केलं. ग्रेट वेस्टर्नचा नैर्ऋत्येकडचा बस धंदा १९२९ साली नव्याने निघालेल्या वेस्टर्न नॅशनल कंपनीकडे गेला, साउथ वेल्समधला वेस्टर्न वेल्शकडे. त्याच गाड्या, तेच रस्ते, पुष्कळदा ड्रायव्हरही तेच. फक्त पत्र्यावरचा रंग आणि नाव बदललं. नफ्यात रेल्वेचा वाटा होताच, पण प्रवाशाच्या डोळ्यांपुढून रेल्वे पुसली गेली.

माझ्या मते या गाड्या जपण्यातली खरी अडचण इथून सुरू होते. इंग्लंडमध्ये जुन्या वाहनांचं वेड अफाट आहे, पण त्याच्या जाती आहेत. रेल्वेवाल्यांना इंजिन हवं: वाफ, शिट्टी, पितळ. बसवाल्यांना बस कंपन्यांचा इतिहास हवा, कुठल्या आगारात कुठला नंबर होता ते त्यांना तोंडपाठ. रेल्वेच्या मालकीची बस किंवा लॉरी यांपैकी कुणाचीच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं. १९६०च्या दशकात, भंगारात निघालेली वाफेची इंजिनं वाचवायला माणसं पदरचे पैसे घालत होती, तेव्हा स्टेशनाच्या मालधक्क्यावरची लॉरी वाचवावी हे फार थोड्यांना सुचलं.

आणि या लॉऱ्या तर बसपेक्षाही जास्त. पार्सल, फळांच्या पेट्या, कोळसा, पियानो, जे काही रेल्वेने यायचं ते घरापर्यंत पोहोचवायला कंपन्यांनी आधी हजारो घोडे पाळले होते. घोड्याची सोय अशी की अरुंद बोळात तो जागच्या जागी वळतो, आणि एक गाडी भरत असताना त्याला सोडवून दुसऱ्या भरलेल्या गाडीला जुंपता येतं. मोटार लॉरीला यातलं काहीच जमत नव्हतं. लॉरी माल भरेपर्यंत नुसती उभी, ड्रायव्हरचा पगार चालू. म्हणून १९३०च्या दशकात स्कॅमेल कंपनीने काढला ‘मेकॅनिकल हॉर्स’, यांत्रिक घोडा. पुढे एकच चाक, मागे दोन, चिमुकली केबिन. मागे सरकत ट्रेलरला टेकली की कडी आपोआप अडकते, ड्रायव्हरला खाली उतरायलाही नको. वळायला जवळजवळ घोड्याइतकीच जागा. १९४८ साली तिची गोलसर चेहऱ्याची धाकटी बहीण ‘स्कॅरब’ आली. ही तीनचाकी मला सगळ्यात जास्त आवडते. तिच्या रचनेत घोड्याची प्रत्येक सवय उतरवलेली दिसते. खरे घोडेही लगेच गेले नाहीत. ब्रिटिश रेल्वेचा डबे ओढणारा शेवटचा घोडा, चार्ली, १९६७ साली न्यूमार्केटला निवृत्त झाला. न्यूमार्केट म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचं गाव. शर्यतीच्या घोड्यांना नेणारे डबे हा ओढायचा.

सगळेच प्रयोग असे शहाणे नव्हते. १९३१ साली लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने कॅरियर कंपनीकडून ‘रो-रेलर’ बनवून घेतली. एकच बस, पण रस्त्याची आणि रुळांची अशी दोन्ही चाकं. १९३२ साली ती ब्लिसवर्थहून स्ट्रॅटफर्डपर्यंत रुळांवरून यायची, तिथे चाकं बदलायची आणि रस्त्याने थेट रेल्वेच्याच मालकीच्या वेलकम हॉटेलच्या दारात जायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात अवघ्या काही महिन्यांत बंद.

१ जानेवारी १९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लॉऱ्या ब्रिटिश रेल्वेज या नव्या मालकाकडे आल्या. १९६९ साली पार्सलं-मालाची ही रस्त्यावरची वाहतूक नॅशनल कॅरियर्स या वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेली, आणि रेल्वेची लॉरी हा प्रकार जवळपास संपला.

आता वाचवण्याबद्दल. जुनी बस वाचवणं म्हणजे रंगरंगोटी, असं मी समजत होते. एका शेडमध्ये काम करणाऱ्या निवृत्त फिटर मंडळींनी मला शांतपणे शहाणं केलं. १९२०-३०च्या काळातल्या बसची बॉडी म्हणजे अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. चासी, म्हणजे चाकं-इंजिन ज्यावर बसतात तो खालचा सांगाडा, पोलादाची, ती दणकट. लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून कळत नाही. त्या काळीच बॉडी आधी थकायची, मग कंपनी त्याच चासीवर नवी बॉडी चढवायची. जुनी बॉडी विकली जायची. कुणी तिचं कोंबड्यांचं खुराडं करायचं, कुणी बागेतली खोली, कुणी समुद्रकाठची सुट्टीची झोपडी. चासी म्हातारी झाली की तिची लॉरी व्हायची. त्यामुळे आज कुणाला शेतात बॉडी सापडते, चासी नसते. दुसऱ्याला चासी सापडते, बॉडी नसते. वर्षानुवर्षं शोधून दोघांचं लग्न लावायचं.

अशी बॉडी हाती आली की पहिलं काम खरवडण्याचं. डांबर, गोठ्याचा हिरवा रंग, पांढरा, तपकिरी, एकेक थर सावकाश काढायचा. नशीब असेल तर तळाशी मूळ रंग निघतो आणि अक्षरांच्या पुसट कडा दिसतात. बस कुणाची होती याचा तोच पुरावा. त्यावरून रंग जुळवायचा, मग अक्षरं हाताने लिहायची. स्टिकर लावला तर ही मंडळी बोलणं बंद करतील.

लाकूड किती बदलावं यावर मात्र शेडमध्ये कायम भांडण. एक पक्ष म्हणतो, कुजलेलं सगळं काढा, बस धावली पाहिजे. दुसरा म्हणतो, नव्वद टक्के लाकूड नवं घातल्यावर ती जुनी बस कसली, तुम्ही नवी बांधलीत. मी धावत्या बसच्या बाजूची. गार्डनरचं पाच सिलिंडरचं, सात लिटरचं इंजिन मिनिटाला १,७०० फेऱ्यांच्या वर जात नाही. त्याचा तो संथ ठोका ऐकल्याशिवाय ती बस कळत नाही. पण एखाद्या प्रकारची जगात एकच उरली असेल, तर ती काचेआड उभी राहिली तरी माझी तक्रार नाही.

पैशांपेक्षा मोठी चणचण जागेची. डबलडेकरची उंची साधारण साडेचौदा फूट. एवढ्या उंचीची कोरडी शेड परवडणाऱ्या भाड्यात मिळत नाही, आणि इथल्या पावसात बाहेर उभी बस दोन हिवाळ्यांत हातची जाते. दुसरी चणचण माणसांची. या गाड्यांच्या गिअरबॉक्सला क्लच दोनदा दाबून, इंजिनचा वेग कानाने जोखून गिअर टाकावा लागतो. चुकलं तर अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा करकराट. ते शिकलेले ड्रायव्हर आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शिकायला येणारी तरुण मुलं आहेत, पण थोडी. सरकारची मदत म्हणाल तर चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ, एवढी.

सगळ्यात भारी दिवस सॅलिसबरी प्लेन या माळरानावरचा. तिथलं इंबर हे गाव १९४३ साली लष्कराने सैनिकी सरावासाठी रिकामं करून घेतलं आणि लोकांना परत येऊच दिलं नाही. आजही ते संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजके दिवस उघडतं. २००९ पासून ऑगस्टमधल्या एका शनिवारी वॉर्मिन्स्टर रेल्वे स्टेशनाबाहेरून इंबरला जुन्या बस सोडतात. आगगाडीतून उतरायचं, समोर लंडनच्या लाल रूटमास्टर डबलडेकर उभ्या, चढायचं आणि रणगाड्यांच्या रस्त्याने माळरानात निघायचं. एसटीच्या मागच्या बाकावर वाढलेल्या माणसाला धक्क्यांचं काही वाटत नाही, बाकीचे दांडा धरून बसतात. स्टेशनातून उतरलेल्या माणसाला पुढे नेणारी बस, हे १९०३ सालचं हेल्स्टनचंच गणित.

इकडे येणार असाल आणि ऑगस्ट जमत नसेल, तर मे महिन्याचा पहिला रविवार गाठा. १९६२ पासून त्या सुमारास जुन्या बस-लॉऱ्यांची लंडन ते ब्रायटन अशी फेरी निघते, रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकटात बघता येते. तेही नाही जमलं तर वेब्रिजजवळ ब्रुकलँड्सला लंडन बस म्युझियम आहे. कुठेही गेलात तरी चकचकीत डबलडेकरभोवतीची गर्दी ओलांडून जरा कोपऱ्यात बघा. एखादी तीनचाकी स्कॅमेल उभी असेल तर तिच्या मालकाशी बोला. त्याला फारसं कुणी विचारत नाही, त्यामुळे तो ट्रेलर जोडून दाखवल्याशिवाय सोडत नाही.